चवीपुरतं

पन्नाशीला दवाखान्यातल्या मंडळींनी पाकीट दिलं.
आत तेलावीचे तीन दिवस
आणि एका दुपारी स्वयंपाकाचा वर्ग.
"हेल्वे, तुला बदल हवाच होता," कात्री म्हणाली.
मी म्हटलं, किती छान.
सव्वीस वर्षं तार्तूत लोकांना आ करायला सांगतेय,
स्वतःचं तोंड मात्र वेळेवर मिटते.

जॉर्जियातल्या त्या अंगणात द्राक्षवेलीखाली लांब टेबल,
मेणकापड, पिठाचा ढीग,
आणि त्सियाला, कोपराच्या वर बाह्या सारलेली,
नावं न विचारता आमचे हात बघणारी.
विल्नियसचं नवं जोडपं, वर्ग आहेरात मिळालेला,
एका लाटण्यावरून कुजबुजत भांडत होतं.
अल्माटीचे मुखित, आणि त्यांचा चौदा वर्षांचा आल्दियार,
ज्याला इथे यायचंच नव्हतं.

"हिन्काली," त्सियाला म्हणाली.
पारीत खिमा ठेवून बोटं अशी फिरवली
की मुरडी मोजता येईनात.
"एकोणीस," पोरगा म्हणाला.
त्यानं फोनवर टिपून, हळू करून मोजल्या होत्या.

मुरड घालायची म्हणजे आवळायचं नाही, ती सांगत होती,
आत रस्सा सुटतो, त्याला जागा ठेव.
मला हसू आलं. मुरड घालायला मला शिकवणार?
हिरडीला टाके घालणारी बोटं ही.
माझी पहिली हिन्काली सगळ्यांत देखणी झाली,
आणि उकळत्या पाण्यात पडल्या पडल्या फुटली.

कागदावर सगळं मापात होतं:
पाणी इतकं, कोथिंबीर, शहाजिरं, मिरी इतकी.
मिठापुढे फक्त, चवीपुरतं.

पहिला घाणा ताटात आला. शेंडी धरून उलटी करायची,
बाजूला चावून आधी रस्सा ओढायचा.
त्सियाला चमचा हातात धरून उभी. स्वतः खाल्लं नाही.
आमच्या तोंडांकडे बघत राहिली,
मी रुग्णांच्या बघते तशी.
"मीठ सांगा."

छान, म्हणाली विल्नियसची. तिचा नवराही म्हणाला
(त्या दिवसातलं त्यांचं पहिलं एकमत).
वा, म्हणाले मुखित.
मी पाण्याच्या ग्लासाकडे हात नेत म्हटलं, छानच.

"खारट आहे," आल्दियार म्हणाला.
बापानं टेबलाखाली त्याचा पाय दाबला.
"काय झालं? खारट आहे. समुद्रासारखं."

अंगणात फक्त पातेलं बोलत राहिलं.
मग त्सियाला हसली, आधी नाकातून, मग पोटातून,
इतकी, की पदराला शोधाव्या तशा तिनं
एप्रनला हात पुसून डोळे टिपले.
अठ्ठावीस महिने, ती म्हणाली.
तापातून उठले, जीभ गेली ती गेलीच.
गूळ नि साबण सारखेच.
तेव्हापासून दर वर्गाला विचारते,
दर वर्गाला छान!
इतकी माणसं, एवढ्या लांबून आलेली,
आणि एकानंही सांगू नये?

उरलेल्या खिम्यात तिनं पाणी ओतलं,
मुलाला शेजारी उभं केलं, चमचा त्याच्या हातात दिला.
एक गोळी उकळ, चाख, सांग.
अजून. अजून थोडं. आता.
आता, तो म्हणाला, आणि त्याचा आवाज
मध्येच फुटला, त्या वयात फुटतो तसा.

दुसऱ्या घाण्यात मी सैल मुरडी घातल्या,
वेड्यावाकड्या, अकराच.
त्या तगल्या.
खाऊन झाल्यावर शेंड्या ताटात ठेवायच्या असतात,
कोणी किती खाल्ल्या ते कळावं म्हणून.
पोराच्या चौदा, माझ्या सात.
जोडप्यानं एकाच ताटात टाकल्या होत्या,
तेव्हा त्यांचा हिशोब लागला नाही.

सोमवारी हातमोजे चढवत असताना
कात्रीनं विचारलं, मजा आली ना?
ओठांवर ते आलंच होतं, घासून गुळगुळीत, तयार.
दिव्याखाली पहिला रुग्ण आ करून वाट बघत होता.

"खारट होतं," मी म्हटलं.
कात्रीचा चेहरा पडला.
"नंतर पाणी घातलं. बस, सांगते."